चिलखताचे रिव्हेट: घट्ट, फिरते आणि सरकते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १.२ मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी पत्र्यातून तुम्ही गुडघ्याचे कवच घडवले आहे. मधली वाटी आणि तिच्या वर-खाली दोन-दोन पट्ट्या ४ मिलिमीटरच्या गोल डोक्याच्या रिव्हेटने, म्हणजे भोकातून घालून दुसरे टोक ठोकून पसरवायच्या खिळ्याने, जोडायच्या आहेत. ठोकताना रिव्हेटची दांडी वाकते, बाहेरचे डोके चपटे होते, आणि कसेबसे जोडून झाले तरी गुडघा वाकवताना पट्ट्या अडकतात. तेव्हा आणखी जड हातोडी घ्यावी की हाताने दाबायचा प्रेस घ्यावा?

सध्या दोन्ही घेऊ नका. तुमच्या तीन तक्रारींची कारणे तीन आहेत आणि त्यातले एकही हातोडी हलकी असण्यात नाही. दांडी वाकते कारण ती गरजेपेक्षा लांब राहिली आहे आणि भोक सैल आहे. डोके चपटे होते कारण ते सपाट ऐरणीवर टेकवले आहे. पट्ट्या अडकतात कारण फिरता राहायला हवा तो रिव्हेट घट्ट रिव्हेटसारखा ठोकला आहे, किंवा डाव्या-उजव्या बाजूची भोके एका रेषेत आलेली नाहीत. बहुतेक वेळा दोन्ही.

चिलखतात रिव्हेट दिसायला सारखेच असतात, पण त्यांची कामे तीन प्रकारची असतात. काही दोन पत्रे एकजीव धरून ठेवतात. काही बिजागरीच्या खिळ्यासारखे असतात, त्यांच्याभोवती पट्टी फिरते. काही लांबट फटीत पुढे-मागे सरकतात. हातात घेतलेला रिव्हेट यांपैकी कोणता, हे ड्रिल लावण्याआधी ठरलेले पाहिजे. भोकाचे माप, दांडीची लांबी, वॉशर, हातोडी, ठोका, सगळे त्यावरून ठरते. मी पत्र्यावर खडूने खुणा करतो: घट्ट्याला फुली, फिरत्याला गोल, सरकत्याला आडवी रेघ. दोन मिनिटांचे काम आहे, पण त्याने पुढचे कित्येक तास वाचतात.

आता हातोडीखाली नेमके काय होते ते समजून घ्या, कारण सगळी कारागिरी तिथेच आहे. जड हातोडीचा एक सरळ, भरीव ठोका दांडीच्या पूर्ण लांबीत उतरतो. दांडी मधून फुगते, भोक भरून टाकते आणि दोन्ही पत्र्यांना आतून पकडते. हलक्या हातोडीच्या टकटक ठोक्यांचा जोर टोकापाशीच संपतो. टोक तेवढे पसरते, खालची दांडी होती तशीच राहते. म्हणजे घट्ट जोड हवा असेल तर सुरुवात जड ठोक्याने करायची, आणि फिरता जोड हवा असेल तर जड ठोका मारायचाच नाही. तुम्ही फिरत्या रिव्हेटवर मोठी हातोडी चालवली असणार. त्याने दांडी भोकात फुगली, आणि एकदा फुगलेली दांडी तेलाने किंवा हलवाहलवीने फारशी सुटत नाही.

३ मिलिमीटरच्या रिव्हेटला साधारण २०० ते २५० ग्रॅमची बॉलपीन हातोडी (एक तोंड सपाट, दुसरे चेंडूसारखे गोल) पुरते. ४ ते ५ मिलिमीटरच्या घट्ट रिव्हेटला पहिल्या ठोक्यासाठी ४५० ग्रॅमची घ्या, पुढचे डोके घडवायला पुन्हा हलकीच. हातोडीचे तोंड घासून गुळगुळीत करा आणि त्याच्या कडा किंचित गोल करून घ्या. तोंडावरचा प्रत्येक ओरखडा रिव्हेटवर उमटतो, आणि कडा धारदार असल्या की एक चुकलेला ठोका पत्र्यावर चंद्रकोरीची खूण ठेवतो. ती खूण नुसत्या पॉलिशने जात नाही, आजूबाजूचा पत्रा कानशीने खाली आणावा लागतो.

वरच्या हातोडीपेक्षा मी खालच्या आधाराला जास्त मान देतो. गोल डोके ज्यावर टेकते त्या ठोकळ्यात त्या डोक्याच्या आकाराचा खळगा हवा. वर्कशॉपमध्ये त्याला डॉली म्हणतात. पोलादाचा वजनदार ठोकळा किंवा जाड सळईचा तुकडा घ्या. डोक्याच्या व्यासापेक्षा जरा लहान ड्रिलने उथळ खड्डा पाडा, टोक लालभडक तापवा आणि डोक्याच्या गोलाईशी जुळणारी बेअरिंगची गोळी त्यात ठोकून बसवा. ठोकताना गोळी उडू शकते, म्हणून डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय हे करू नका. खळगा डोक्याच्या उंचीपेक्षा किंचित उथळ असावा. खोल झाला तर डोके आत बुडते, खळग्याची कड थेट पत्र्यावर आदळते आणि रिव्हेटभोवती गोल वळ उठतो. वरून डोके घडवायच्या खळग्याच्या पंचालाही, म्हणजे स्नॅपलाही, हाच नियम आहे. पितळी किंवा पॉलिश केलेल्या डोक्यासाठी खळग्यात पातळ चामड्याचा तुकडा किंवा चिकटपट्टीचा एक थर ठेवा, चकाकी शाबूत राहते.

डॉलीचे वजनही महत्त्वाचे. व्हाइसच्या (शिकंजाच्या) जबड्यात नुसती पकडलेली बारीक सळई ठोक्यासरशी खाली सरकते आणि अर्धा जोर फुकट जातो. सळई जबड्यात धरायची असेल तर तिचे खालचे टोक व्हाइसच्या भरीव भागावर टेकले पाहिजे. ठोकळा असेल तर तो लाकडी ओंडक्यावर किंवा ऐरणीवर पक्का बसलेला हवा. खाली वस्तुमान असले की हलका ठोकाही पूर्ण काम करतो. ते नसले की माणूस जोर वाढवत जातो आणि दांडी वाकते. आवाजावरूनही हे कळते: आधार पक्का असेल तर ठोका कोरडा आणि टणक वाजतो, नसेल तर पोकळ.

धातूची निवड करताना साधे नरम लोखंडी किंवा सौम्य पोलादी भरीव रिव्हेट घ्या, यात फार विचार करण्यासारखे नाही. पितळ आणि तांबे चामड्याच्या पट्ट्यांना आणि शोभेच्या जागी चांगले. ॲल्युमिनियम पोलादी चिलखतात वापरू नका. ते लवकर झिजते, आणि घाम-ओलाव्यात पोलादाला लागून असले की गंजत जाते. स्टेनलेसचे रिव्हेट ठोकता ठोकता कडक होत जातात, सवय नसलेल्या हाताला ते दमवतात. पॉप रिव्हेट, म्हणजे हातोडीऐवजी हत्याराने ओढून बसवायचे रिव्हेट, पोकळ असतात. त्यांच्याभोवती पट्टी नीट फिरत नाही आणि आतल्या बाजूला त्यांची शेपटी कपड्यात अडकते. तात्पुरती जुळवाजुळव करायला ते चालतील, पण त्यासाठीही मला छोटे नट-बोल्ट बरे वाटतात.

रिव्हेट कडक वाटत असतील तर नरम करून घ्या. लोखंडी असतील तर लाल होईपर्यंत तापवून कोरड्या राखेत पुरून ठेवा आणि सावकाश निवू द्या. तांबे किंवा पितळ मंद लाल झाले की पाण्यात टाकले तरी नरमच राहते. साध्या तारेच्या खिळ्यांपासून रिव्हेट करणारे बरेच आहेत आणि त्यात गैर काही नाही. पण ती तार थंड असतानाच ओढलेली असते, म्हणून कडक असते. न तापवता ठोकली तर टोकाला उभ्या चिरा पडतात. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा: जस्ताचा मुलामा असलेले रिव्हेट किंवा खिळे कधीही तापवू नका. जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप येतो, श्वासाला त्रास होतो. मुलामा नसलेलेच घ्या.

पुलांचे आणि बॉयलरचे रिव्हेट लाल तापवून ठोकत, तसे इथेही करावे का, असे बरेच जण विचारतात. गरज नाही. ते रिव्हेट जाड असतात, निवताना आकसतात आणि दोन जाड पत्रे करकचून ओढून धरतात. आपला ४ मिलिमीटरचा तुकडा सांडशीतून भोकापर्यंत नेईपर्यंत काळा पडतो. चिलखताचे रिव्हेट थंडच ठोकायचे.

भोकाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण निम्मे बिघाड तिथेच होतात. रिव्हेटचा खरा व्यास आधी व्हर्नियरने मोजा. डब्यावर ४ लिहिलेले असले तरी हातातला ३.९ निघू शकतो. भोक दांडीपेक्षा ०.१, फार तर ०.२ मिलिमीटर मोठे असावे. दांडी अंगठ्याने दाबून आत गेली पाहिजे, आपोआप घरंगळता कामा नये. भोकाचा मध्य पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या व्यासाच्या निदान दीडपट आत असावा. ४ मिलिमीटरच्या रिव्हेटला म्हणजे ६ मिलिमीटर. त्यापेक्षा जवळ गेलात तर ठोकताना कड बाहेर फुगते किंवा पुढे वापरात फाटते.

ड्रिलने पडलेल्या भोकाच्या कडेला बर, म्हणजे धातूचा उठलेला खरखरीत काठ, उभा राहतो. तो दोन्ही बाजूंनी काढायचा. मोठे ड्रिल बोटांत धरून भोकावर एक-दोन वेळा फिरवले तरी पुरते. दोन पत्र्यांच्या मध्ये बर राहिला तर पत्रे एकमेकांना टेकतच नाहीत. मधल्या फटीत दांडी फुगते, तिथे एक कडे तयार होते, आणि मग कितीही ठोका, फट मिटत नाही. बाहेरून डोके सुंदर दिसते आणि जोड मात्र खुळखुळतो. असा रिव्हेट काढण्यावाचून उपाय नाही.

सगळी भोके एकदम पाडू नका. सपाट कागदावर जुळणाऱ्या खुणा बाक दिलेल्या पत्र्यावर जुळत नाहीत. वरच्या पत्र्यात भोक पाडा, पत्रे अंगावर किंवा साच्यावर हव्या त्या जागी धरा, त्या भोकातून खालच्या पत्र्यावर खूण करा, सेंटर पंच (ड्रिलचे टोक बसायला खळी पाडणारा टोकदार पंच) मारून भोक पाडा आणि तिथे बोल्ट घाला. मग दुसरे भोक. पातळ पत्रा हातात धरून ड्रिल करू नका. ड्रिल पलीकडे निघताना पत्रा पकडते आणि गरकन फिरवते, बोटे कापली जातात. क्लॅम्प लावा, खाली लाकूड ठेवा. जुने कारागीर भोके पंचाने पाडत, आणि चांगला हातपंच मिळाला तर तो आजही ड्रिलपेक्षा जलद चालतो. फक्त पंचाने उठलेली कड आतल्या बाजूला येईल असे पाहा.

आता लांबी. पत्र्यांतून बाहेर किती दांडी सोडायची? पूर्ण गोल डोके स्नॅपने घडवायचे तर व्यासाच्या दीडपट, हे पुस्तकी माप बरोबर आहे. पण चिलखताच्या आतल्या बाजूला एवढे उंच डोके नकोच असते, ते अंगाला टोचते. आत बसके, पसरट डोके हवे. त्यासाठी व्यासाइतकी किंवा सव्वापट दांडी पुरते. तुमचे दोन पत्रे मिळून २.४ मिलिमीटर, त्यात ४ ते ५ मिलिमीटर मिळवा. डोक्याखालची दांडी साडेसहा ते साडेसात मिलिमीटर हवी. दीडपटीपेक्षा जास्त दांडी उघडी राहिली की ती बसण्याऐवजी कलंडते, नेमके तेच तुमच्याकडे होते आहे. वॉशर घालणार असाल तर त्याची जाडी यात धरायची.

प्रत्येक रिव्हेट मोजत बसायची गरज नाही. ४ ते ५ मिलिमीटर जाडीच्या पट्टीत रिव्हेटच्या मापाचे भोक पाडून ठेवा. कवचात रिव्हेट बसवला की बाहेर आलेल्या दांडीवर ही पट्टी चढवा आणि वर उरलेला भाग आरीने किंवा कटरने काढा. कटर टोकाला छिन्नीसारखी धार ठेवतो. ती कानशीने सपाट करा, मगच ठोका. तिरप्या टोकावर पडलेला ठोका दांडीला बाजूला ढकलतो, मग डोके एका अंगाला झुकते.

घट्ट रिव्हेटचा क्रम असा. बाहेरचे डोके डॉलीत टेकवा. दांडीवर पोकळ नळीसारखे हत्यार घाला, जाड सळईच्या टोकाला दांडीपेक्षा जरा मोठे भोक पाडले तरी चालते, आणि त्यावर एक ठोका देऊन पत्रे एकमेकांना भिडवा. हे पाऊल बहुतेक जण गाळतात आणि मग फटीची तक्रार करतात. आता जड हातोडीने टोकावर अगदी सरळ एक-दोन ठोके. दांडी भोकात भरली की हातोडी उलटी करून बॉलच्या बाजूने कडेकडेने गोल फिरत हलके ठोके द्या. मधोमध ठोकत राहिलात तर कडा पातळ होऊन चिरतात. कडेने फिरत आलात तर टोक अळंबीच्या छत्रीसारखे पत्र्यावर उतरते. कड सगळीकडून पत्र्याला टेकली की थांबा. आणखी ठोकल्याने जोड घट्ट होत नाही, फक्त पत्रा ताणला जातो आणि भोवती फुगवटा येतो.

जोड बसला का हे पाहण्याची रीत साधी आहे. एका बाजूने डोक्याच्या कडेवर बोट ठेवा आणि समोरच्या कडेवर छोट्या हातोडीने टिचकी मारा. सैल रिव्हेटची थरथर बोटाला लगेच जाणवते.

आता फिरते जोड, म्हणजे तुमच्या गुडघ्याचा खरा प्रश्न. इथे घाई करू नका. रिव्हेट घालण्याआधी सगळे कवच नट-बोल्टवर उभे करा, बोल्ट अर्धे आवळा आणि गुडघा पूर्ण वाकवून-सरळ करून पाहा. बोल्टवर जे अडकते ते रिव्हेटवर अडकणारच. अडकत असेल तर आधी पट्टीच्या डाव्या आणि उजव्या भोकातून एक सरळ तार आरपार ओवा. तार दोन्ही भोकांत पत्र्याला काटकोनात उभी राहिली पाहिजे. ती तिरपी गेली तर दोन बाजूंचे अक्ष वेगळे आहेत. मग वाकताना पत्रा स्वतःच पिळवटतो आणि जोराने स्प्रिंगसारखा परत येतो. पुष्कळ जण याला रिव्हेट घट्ट झाल्याचे लक्षण समजतात आणि तेल सोडत बसतात. उपाय भोकातच आहे. एका बाजूचे भोक हलवा, किंवा भोकाभोवतीचा पत्रा हलक्या हाताने ठोकून अक्षाला काटकोनात सपाट करा. भोकाभोवती रिव्हेटच्या डोक्याएवढी तरी जागा सपाट हवीच. गोलाईवर गोलाई नीट फिरत नाही.

पट्ट्यांच्या कडाही पाहा. वाकल्यावर एका पट्टीची कड दुसऱ्या रिव्हेटच्या आतल्या डोक्यावर आदळते का? आदळत असेल तर तेवढी कड कानशीने उतरवा किंवा आतले डोके आणखी बसके करा. बोल्टवर सगळे लोण्यासारखे चालू लागले की मगच रिव्हेटला हात लावा.

फिरता रिव्हेट ठोकताना दोन पत्र्यांमध्ये थोडी जागा ठेवायची असते. पातळ पत्र्याची किंवा जाड कार्डाची ०.२ ते ०.३ मिलिमीटर जाडीची पट्टी घ्या, तिला दांडीच्या मापाची खाच पाडा म्हणजे ती इंग्रजी यू अक्षरासारखी दिसेल, आणि दांडीला कवेत घेऊन ती दोन पत्र्यांमध्ये सरकवा. आतल्या बाजूने वॉशर घाला. मग फक्त हलकी हातोडी, फक्त टोकावर, कडेकडेने. पाच-सहा ठोक्यांनंतर थांबा, पट्टी हलवून पाहा, पुन्हा दोन-चार ठोके. टोक वॉशरवर पसरले की मधली खाचेची पट्टी ओढून काढा. तेवढीच फट जोडाला मोकळेपणा देते आणि खुळखुळू देत नाही. एक बाजू पूर्ण करा, मग दुसरी, आणि प्रत्येक रिव्हेटनंतर सगळे कवच एकदा वाकवून पाहा. शेवटी तेलाचा एक थेंब.

तुमच्या कवचातले जे रिव्हेट आधीच घट्ट झाले आहेत त्यांना काढण्याआधी एक संधी द्या. एक जाड नट किंवा नळीचा तुकडा घ्या, त्याचे भोक रिव्हेटच्या बाहेरच्या डोक्यापेक्षा मोठे हवे. डोके त्या भोकात लोंबकळेल आणि पत्रा काठावर टेकेल असे ठेवा. आतल्या ठेचलेल्या टोकावर एक बेताचा ठोका द्या. रिव्हेट केसभर बाहेर सरकतो आणि पट्टी सुटते. जास्त सुटली तर डोके डॉलीत ठेवून एक हलका ठोका. असे मागे-पुढे करून बरेच जोड बरोबर आणता येतात. दांडी भोकात फुगून बसली असेल तर मात्र याने जमणार नाही, तो रिव्हेट काढाच.

सरकते रिव्हेट खांद्याच्या आणि दंडाच्या पट्ट्यांत लागतात, तिथे पट्टीला नुसते फिरून भागत नाही, लांब-आखूड व्हावे लागते. एका पत्र्यात गोल भोक, दुसऱ्यात लांबट फट. फटीच्या दोन टोकांना भोके पाडा आणि मधला भाग कानशीने काढा. रुंदी दांडीपेक्षा ०.२ ते ०.३ मिलिमीटर जास्त. लांबी दांडीचा व्यास अधिक जितकी हालचाल हवी तितकी. मी फट आतल्या, झाकल्या जाणाऱ्या पत्र्यात ठेवतो. बाहेर दिसत नाही आणि धूळही कमी बसते. फटीवर मोठा, गुळगुळीत वॉशर हवाच, नाहीतर ठेचलेले टोक फटीतून निसटते. फटीच्या कडा बारीक पॉलिशकागदाने अशा घासा की नख फिरवल्यावर कुठे अडकणार नाही. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पायदळासाठी घाऊक बनलेल्या हलक्या चिलखतांत असे रिव्हेट सर्रास असत. इंग्लंडमध्ये त्या चिलखतांना ‘ऑल्मेन रिव्हेट’ (ऑल्मेन म्हणजे जर्मन) असेच म्हणत. तिथला राजा आठव्या हेन्रीने १५१२ साली फ्लॉरेन्सच्या एका व्यापाऱ्याकडून असे २००० संच घेतले होते. मोजमाप न घेता बनवलेले चिलखत वेगवेगळ्या अंगांना चालवून घ्यायचे तर पट्ट्या सरकायलाच हव्यात, आणि त्या सरकत होत्या या रिव्हेटवर.

चामड्याच्या पट्ट्यांत रिव्हेट सगळ्यात सोपा, पण तिथेही एक गोष्ट सांभाळावी लागते. चामडे दबते. वॉशर न घालता ठोकले तर ठेचलेले टोक काही दिवसांत चामड्यातून आरपार निघून येते. जास्त ठोकले तर वॉशर चामड्यात रुतून ते कापतो. वॉशर चामड्यावर नुसता टेकेल, त्याची कड आत बुडणार नाही, इतकेच ठोका. झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्यात टॅनिन असते. लोखंड आणि ओलावा भेटला की तिथे काळे डाग पडतात आणि गंजही धरतो, म्हणून आतल्या बाजूला मेण लावा किंवा पितळी-तांब्याचे रिव्हेट वापरा.

पत्रा आणि कापड यांच्या जोडणीतही हेच तत्त्व आहे, फक्त बाजू उलटी. ब्रिगँडाइन नावाच्या जाकिटासारख्या चिलखतात छोट्या पोलादी पाट्या कापडाच्या आत असतात. रिव्हेटचे डोके बाहेर मखमलीवर चमकते आणि ठेचलेले टोक आत पाटीवर बसते. म्हणजे ठोका कापडावर कधी येतच नाही. स्वीडनच्या गॉटलंड बेटावरच्या विस्बी गावाजवळ १३६१ च्या लढाईतले मृत चिलखतांसह पुरले गेले होते. उत्खननात त्यांच्या अंगावरचे कापड-चामडे बहुतेक नष्ट झालेले होते, पाट्या आणि त्यांतले रिव्हेट मात्र उरले होते. ते चिलखत कसे जोडले होते हे अभ्यासकांना त्यांच्याच मांडणीवरून उलगडता आले. इतक्या बारीक कामाला मी २ ते ३ मिलिमीटरचे रिव्हेट घेतो आणि डॉलीवर एकाच वेळी तीन खळगे ठेवतो, कारण तीन-तीन डोक्यांचे पुंजके जवळजवळ येतात.

कड्यांच्या चिलखतातले रिव्हेट हा वेगळाच विषय आहे, त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल. एवढेच सांगतो की तिथे कडीची टोके एकमेकांवर चढवून चपटी करतात आणि ड्रिलने न पाडता टोच्याने भोसकून भोक करतात. टोच्या धातू काढून टाकत नाही, बाजूला सारतो. त्यामुळे आधीच बारीक असलेली कडी भोकापाशी कमजोर होत नाही.

पुढे कधी स्प्रिंग पोलादाचे, पाणी दिलेले (म्हणजे तापवून एकदम निववून कडक केलेले) पत्रे वापरणार असाल तर सगळी भोके पाणी देण्याआधी पाडून त्यांच्या कडा गोल करून घ्या. कडक पत्र्यात ड्रिल जळते, आणि तीक्ष्ण कडेच्या भोकातून पाणी देताना चीर सुरू होते. रिव्हेट मात्र पाणी दिल्यानंतरच ठोकायचे. त्यानंतर त्या पत्र्याला ज्योत दाखवायची नाही.

शिरस्त्राण, हातमोज्याची बोटे, दंडाची बंद नळी अशा जागी हातोडी आत पोचत नाही. तिथे व्हाइसमध्ये एक लांब, जाड आडवा दांडा धरा, त्याच्या टोकाजवळ वरच्या अंगाला खळगा करा आणि कवच त्या दांड्यावर चढवा. रिव्हेट आतून बाहेर घाला: डोके आत खळग्यात, ठेचणे बाहेरून. बाहेर घडलेले डोके मग स्नॅपने किंवा कानशीने गोल करा. हाताने घडवलेल्या डोक्याची किंचित असमान गोलाई जुन्या कामात सगळीकडे दिसते आणि मला ती यंत्राच्या डोक्यापेक्षा जास्त आवडते. हाताचा प्रेस इथे नाही, तर सपाट कडेजवळच्या सारख्या-सारख्या रिव्हेटना उपयोगी पडतो. शंभरभर एकसारखे पट्टे जोडायचे असतील तेव्हा त्याचा विचार करा.

चुकलेला रिव्हेट छिन्नीने तोडू नका. छिन्नी भोक ओढून लंबगोल करते आणि पत्र्यावर खोल घाव ठेवते. आतले ठेचलेले टोक कानशीने किंवा ग्राइंडरने जवळजवळ पत्र्यापर्यंत खाली आणा, मधोमध सेंटर पंच मारा, दांडीपेक्षा अर्धा मिलिमीटर लहान ड्रिल पत्र्याच्या जाडीइतके आत घाला, मग बारीक पंचाने उरलेला भाग बाहेरच्या बाजूला ढकला. पत्र्याला पलीकडून रिव्हेटच्या भोवती आधार द्यायला विसरू नका. भोक थोडे मोठे झाले असेल तर एक माप वरचा रिव्हेट घाला. फार मोठे झाले असेल तर आतून वॉशर टाका. त्यापलीकडे गेले असेल तर भोक वेल्डने भरून, घासून, पुन्हा पाडा.